आकडा कुठला, कधीचा? मुंबईत भूगोलाचे संशोधन शिकताना

२६ जुलै २००५ ला मुंबईत किती पाऊस पडला, असे विचारले की बहुतेक जण ९४४ मिलिमीटर सांगतात. तो आकडा सांताक्रूझ वेधशाळेचा. त्याच चोवीस तासांत कुलाबा वेधशाळेत सुमारे ७३ मिलिमीटर नोंदले गेले. दोन्ही वेधशाळा हवामान विभागाच्याच, दोन्ही नोंदी बरोबर, आणि मधले अंतर वीस-बावीस किलोमीटर. शिवाय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. २६ च्या दुपारी कोसळलेला पाऊस दैनंदिन तक्त्यात २७ तारखेसमोर असतो. हे ठाऊक नसले की आलेखात महापूर एक दिवस उशिरा येतो, आणि त्याच आलेखावर रेल्वे कधी बंद पडली, भरती कधी होती हे बसवायला गेले की काहीच जुळत नाही.

भूगोलातला आकडा एकटा कधी नसतो. तो कुठे मोजला, कधी मोजला, कशाने मोजला हे त्याच्याबरोबर लिहिलेले असावे लागते. तृतीय वर्षाचा प्रकल्प असो की एमएचा प्रबंध, संशोधन शिकणे म्हणजे बऱ्याच अंशी ही एक सवय अंगी लावून घेणे. पुढची सगळी कृती त्या सवयीसाठी आहे. उदाहरण एकच घेऊ, म्हणजे प्रश्नापासून नकाशापर्यंतचा धागा तुटणार नाही.

प्रश्न

‘धारावीचा भौगोलिक अभ्यास’ किंवा ‘मुंबईतील पूरसमस्या’ हे विषय झाले, प्रश्न नव्हेत. प्रश्नात चार गोष्टी लागतात: जागा, काळ, एकक (घर, दुकान, इमारत, माणूस यांपैकी नेमके काय) आणि मोजायची गोष्ट. उदाहरणार्थ: ‘२०२५ च्या पावसाळ्यात कुर्ला पश्चिमेला, मिठी नदीपासून ५०० मीटरच्या आतल्या तळमजल्यावरील घरांत पाणी किती वेळा आणि किती उंच शिरले, आणि नदीपासूनच्या अंतराशी त्याचा संबंध दिसतो का?’

हा प्रश्न लिहिला की पुढची अर्धी पद्धत आपोआप ठरते. घर हे एकक आहे, म्हणून घरांची यादी लागेल. अंतर हवे, म्हणून प्रत्येक घराचे स्थान लागेल. उंची हवी, म्हणून टेप लागेल. प्रश्न वाचून कोणती साधने पिशवीत भरायची ते कळत नसेल, तर प्रश्न अजून ढोबळ आहे.

प्रश्न पक्का करण्याआधी एकदा त्या वस्तीत नुसते फिरून या. वही नको, फॉर्म नको. नदीकाठी संरक्षक भिंत कुठे आहे, नाले कुठे मिळतात, घरांचे उंबरे किती उचललेले आहेत, हे पाहिले की ‘अंतर’ हे एकच कारण नसणार हे लगेच लक्षात येते. जमिनीची उंची, नाल्याचे तोंड, जोत्याची उंची आणि त्या वेळची भरती ही चारही कारणे नोंदीत आली नाहीत, तर अंतराला नको तेवढे श्रेय मिळते.

तयार माहिती: कुठे मिळते आणि कुठे फसवते

जनगणनेपासून सुरुवात करा, पण तिचे वय लक्षात ठेवा. हाती असलेली शेवटची प्रसिद्ध जनगणना २०११ ची. तिच्यानुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली जून २०१४ मध्ये. त्यामुळे ‘मेट्रोमुळे लोकसंख्येवर झालेला परिणाम’ २०११ च्या आकड्यांवर दाखवणे म्हणजे कारणाच्या आधी परिणाम दाखवणे. असे प्रकल्प दरवर्षी होतात. तक्ता स्वच्छ असतो आणि निष्कर्ष अशक्य असतो.

दुसरा घोळ वॉर्डांचा. मुंबईत ‘वॉर्ड’ म्हणजे एच पूर्व, एल (कुर्ला) यांसारखे प्रशासकीय विभाग, आणि ‘वॉर्ड’ म्हणजे नगरसेवकांचे निवडणूक प्रभागही. २०११ च्या जनगणनेच्या वेळी प्रशासकीय विभाग २४ होते आणि प्रभाग २२७. प्रभागांच्या सीमा पुढे बदलल्या. एका वर्षाच्या सीमांवर दुसऱ्या वर्षाचे आकडे रंगवले, तर नकाशा सुंदर दिसतो आणि शेजारच्या प्रभागाची माणसे तुमच्या प्रभागात येऊन बसतात. सीमेची फाइल कोणत्या वर्षाची आहे ते फाइलच्या नावातच लिहा.

घनता काढताना तर फारच जपावे. बोरिवली, भांडुप, मुलुंड या बाजूच्या विभागांच्या क्षेत्रफळात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल येते. पूर्ण क्षेत्रफळाने भागले की त्या विभागांत माणसे मोकळी-ढाकळी राहतात असे दिसते. प्रत्यक्षात ती जंगलाबाहेरच्या पट्ट्यात दाटलेली असतात. दोन्ही घनता काढा, दोन्ही छापा, आणि कोणती कशी काढली ते खाली लिहा.

स्थलनिर्देशक नकाशे (टोपोशीट) भारतीय सर्वेक्षण विभागाचे. १:५०,००० प्रमाणाच्या जुन्या क्रमांकानुसार मुंबई मुख्यतः दोन पत्रकांत येते: उपनगरे ४७ ए/१६ वर आणि दक्षिणेचा भाग ४७ बी/१३ वर. १९ अंश उत्तर अक्षवृत्त मधून जाते, म्हणून वरळी-परळच्या पट्ट्यात काम असेल तर दोन्ही पत्रके लागतात. नवी पत्रके विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवता येतात. या प्रमाणावर नकाशातला १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघही २५ मीटर जागा खाते. गल्लीतली घरे यावर दाखवायचा हट्ट धरू नका.

महापालिका किंवा अन्य सरकारी कार्यालयाकडची माहिती संकेतस्थळावर नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. पण हे तीस दिवस वेळापत्रकात आधीच धरा. सत्र संपताना केलेला अर्ज प्रकल्पाच्या कामी येत नाही. अर्जात ‘पुराची सर्व माहिती द्यावी’ असे लिहिले तर उत्तरही तसेच मोघम येते. ‘एल विभागातील पाणी साचणाऱ्या ठिकाणांची २०२३, २०२४ आणि २०२५ ची यादी’ असे नेमके मागा.

आधीच्या संशोधनासाठी शोधगंगा हे प्रबंधांचे भांडार उघडे आहे. प्रबंध पहिल्या पानापासून वाचत बसू नका. आधी पद्धतीचे प्रकरण, मग प्रश्नावलीचे परिशिष्ट, मग निष्कर्ष. दुसऱ्याने काय शोधले यापेक्षा कसे शोधले हे तुम्हाला जास्त उपयोगी पडेल. शहराच्या जुन्या रूपासाठी १९०९-१० मध्ये निघालेल्या मुंबई शहर व बेटाच्या गॅझेटियरचे तीन खंड पाहा. त्यात ‘मुंबई’ म्हणजे फक्त बेट आहे, आजची उपनगरे नाहीत, एवढे मात्र विसरू नका.

नमुना: कोणाचे दार ठोठवायचे

वस्तीतल्या घरांची तयार यादी बहुधा मिळत नाही. ती करावी लागते. दोघांनी मिळून एक सकाळ गल्ल्या फिराव्यात: एकाने दार मोजावे, दुसऱ्याने कच्च्या नकाशावर क्रमांक टाकावा. माळ्यावरचे भाडेकरू वेगळे घर धरायचे की नाही हे निघण्यापूर्वी ठरवा. नाही तर एका गल्लीत धरले जातात आणि दुसऱ्या गल्लीत राहून जातात.

समजा यादीत ९०० घरे आली. नमुन्याचा आकार काढायचे सर्रास वापरले जाणारे सूत्र असे: एकूण संख्येला, १ अधिक (एकूण संख्या गुणिले चूक-मर्यादेचा वर्ग) याने भागा. १० टक्के (म्हणजे ०.१) चूक चालत असेल तर ९०० भागिले १० म्हणजे ९० घरे. ५ टक्केच हवी असेल तर ९०० भागिले ३.२५ म्हणजे २७७. दोन विद्यार्थ्यांच्या एका सत्राच्या प्रकल्पात २७७ घरे नीट होत नाहीत. ९० नीट करा आणि मर्यादा १० टक्क्यांची आहे हे स्पष्ट लिहा. नकार आणि बंद दारे धरून १०० घरे निवडा. ९०० भागिले १०० म्हणजे दर नववे घर. १ ते ९ पैकी एक चिठ्ठी काढा. ४ निघाला तर ४, १३, २२ असे जात शेवटचे घर ८९५ वे येईल.

आमच्या प्रश्नासाठी मात्र याहून चांगली रीत म्हणजे थर पाडणे. नदीलगत घरे कमी आणि आत जास्त असतील तर साध्या नमुन्यात नदीकाठची घरे फारच थोडी येतात. अंतराचे तीन पट्टे करा (०-१००, १००-२५०, २५०-५०० मीटर) आणि प्रत्येकातून ३० घरे घ्या. पट्ट्यापट्ट्यांची तुलना यामुळे भक्कम होते. पण एकूण टक्केवारी सांगताना इथेच पाय घसरतो. उदाहरणापुरते आकडे घेऊ: पट्ट्यांत अनुक्रमे १५०, ३०० आणि ४५० घरे आहेत, आणि पाणी शिरलेली घरे ३० पैकी २७, १५ आणि ६ निघाली. सरळ बेरीज ९० पैकी ४८, म्हणजे ५३ टक्के. हे चूक. पहिल्या पट्ट्यात १५० च्या ९० टक्के म्हणजे १३५, दुसऱ्यात ३०० च्या निम्मी १५०, तिसऱ्यात ४५० च्या २० टक्के म्हणजे ९०. बेरीज ३७५. ९०० पैकी ३७५ म्हणजे जवळपास ४२ टक्के. नदीकाठची घरे नमुन्यात मुद्दाम जास्त घेतली होती, म्हणून सरळ बेरजेने पूर फुगला.

निवडलेले घर बंद असेल तर शेजारचे घेऊ नका. शेजारचे उघडे आहे याचाच अर्थ तिथली माणसे वेगळ्या वेळी घरी असतात. तीन खेपा घाला: एक आठवड्यातल्या सकाळी, एक संध्याकाळी आठनंतर, एक रविवारी. मुंबईत सकाळी अकराला फक्त दार उघडणाऱ्यांचे सर्वेक्षण केले तर लोकलने कामाला जाणारी मंडळी सगळीच निसटतात.

प्रश्नावली

‘तुम्हाला पुराचा त्रास होतो का?’ याला कोणीही ‘हो’ म्हणेल. त्याऐवजी घटना विचारा: ‘या पावसाळ्यात घराच्या आत पाणी आले का? किती वेळा? शेवटचे कधी आले? कुठपर्यंत चढले?’ माणसे उंची मीटरमध्ये सांगत नाहीत. घोटा, गुडघा, कंबर असे सांगतात, किंवा ‘फ्रीजच्या खाली’, ‘गॅसच्या ओट्यापर्यंत’. तसेच लिहून घ्या, आणि लगेच विचारा, ‘काका, भिंतीवर दाखवता का?’ त्यांनी बोट ठेवले की टेप लावा. फरशीपासूनची उंची वेगळी आणि बाहेरच्या रस्त्यापासूनची वेगळी, दोन्ही घ्या. जोते उचललेले घर आणि न उचललेले घर यांची तुलना दुसऱ्या आकड्यावरच होते.

राहण्याची वर्षे विचारली की उत्तरे ५, १०, १५, २० यांवर गोळा होतात. ‘२६ जुलैच्या पुरात इथेच होतात का?’ असा खुंटा दिला की आठवण सुधारते. उत्पन्न थेट विचारू नका. गटांचे छापील कार्ड पुढे करा, आणि तो प्रश्न शेवटी ठेवा. एकूण प्रश्न पंधरा-वीस, वेळ बारा ते पंधरा मिनिटे. वीस मिनिटांनंतर उत्तरे ‘हो, तसंच’ अशी यायला लागतात.

प्रश्नावली मराठीत केली असेल आणि वस्तीत हिंदी बोलणारे जास्त असतील, तर आयत्या वेळी तोंडी भाषांतर करू नका. दोघे विचारणारे दोन वेगळे प्रश्न विचारतात. हिंदी प्रत आधीच लिहा, मग जिने मूळ प्रत पाहिलेली नाही अशा मैत्रिणीकडून ती परत मराठीत करून घ्या. मूळ प्रश्न परत आला नाही तर शब्द बदला. मग नमुन्याबाहेरच्या आठ-दहा घरांत चाचणी घ्या. या चाचणीत एकही प्रश्न बदलला नाही, तर ती नीट झालेली नसते.

सुरुवातीला आपण कोण, कुठल्या कॉलेजचे, माहिती कशासाठी आणि नाव छापले जाणार नाही, हे सांगून परवानगी घ्या. वस्त्यांत सर्वेक्षण म्हटले की लोकांना आधी पुनर्वसनाची पात्रता आणि तोडकाम आठवते. ‘याने घर मिळणार का?’ या प्रश्नाला ‘नाही, हा फक्त अभ्यास आहे’ असे सरळ उत्तर द्या. खोटी आशा दाखवून मिळालेली माहिती घेऊ नये. नाव-पत्ता वेगळ्या वहीत ठेवा, फॉर्मवर फक्त क्रमांक टाका. घराच्या आतले फोटो विचारल्याशिवाय काढू नका, मुलांचे तर नाहीच.

क्षेत्रकार्य

पिशवीत हे हवे: ५ मीटरचा स्टीलचा टेप, ३० मीटरचा कापडी टेप, कठीण कव्हराची वही, एचबी पेन्सिली (पावसात शाई पसरते, पेन्सिल टिकते), छापील नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत, आणि गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी, दहा-पंधरा मीटरची.

ही नळी महत्त्वाची आहे. उंचीसाठी बहुतेक विद्यार्थी अवकाशातून मोजलेले उंचीचे प्रतिमान उतरवतात. एसआरटीएम या त्यातल्या नेहमीच्या प्रतिमानाची एक पेशी (पिक्सेल) सुमारे ३० मीटरची, आणि दाट वस्तीत ते जमीन नव्हे, छपरे मोजते. त्यातली चूक मीटरांत असते आणि तुमचा प्रश्न घोटा की गुडघा असा आहे. स्थलनिर्देशक नकाशावर समोच्चरेषांतले अंतर २० मीटर. दोन्ही इथे निकामी. नळीत पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका, दोन्ही टोके उघडी ठेवा, दोघांनी दोन दारांशी उभे राहा. पाणी स्थिरावले की दोन्हीकडे जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची मोजा. फरक म्हणजे जमिनीतला उतार. सेंटिमीटरपर्यंत नेमके येते. गल्लीच्या तोंडाशी एक पक्की खूण धरून तिथून पुढे जा आणि शेवटी परत त्या खुणेवर या. परतताना आकडा दोन-तीन सेंटिमीटरहून जास्त चुकला तर मधे कुठेतरी बुडबुडा होता.

मोबाइलचे जीपीएस उघड्या मैदानात चार-पाच मीटरपर्यंत ठीक असते. अरुंद गल्लीत आणि उंच इमारतींमध्ये संकेत भिंतींवर आपटून येतात आणि बिंदू शेजारच्या गल्लीत पडतो. अशा ठिकाणी उपग्रहचित्राच्या छापील प्रतीवर घर ओळखून टिंब देणे अधिक विश्वासाचे, जीपीएस फक्त पडताळ्याला.

प्रत्येक नोंदीसमोर वेळ लिहा. मुंबईत पावसाचे पाणी समुद्रात सोडणारी कित्येक मुखे भरतीच्या पातळीखाली आहेत. उधाणाच्या भरतीत तीच सर जास्त पाणी साचवते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून ‘सोमवारी चारला भरती होती’ यावरून गुरुवारचे ठरवू नका. भरतीचे तक्ते पाहून वहीच्या समासात त्या दिवसाच्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या आधीच लिहून ठेवा.

वेळेचा हा नियम इतर विषयांनाही लागू आहे. दादरच्या पुलावरून किती माणसे जातात हे मोजायचे असेल तर पाच मिनिटे मोजून तिप्पट करू नका. गाडी आली की लोंढा येतो, गेली की पूल रिकामा. पाच मिनिटांत एक गाडी सापडली की दोन, यावर उत्तर दुप्पट होते. सलग पंधरा मिनिटे मोजा, तेही दोघांनी, एकेक दिशा वाटून घेऊन. रविवारी मेगाब्लॉक असतो, गणेशोत्सवात सगळा प्रवाहच बदलतो. हे दिवस टाळा, नाहीतर तोच विषय करा. स्टेशनच्या आवारातल्या कामासाठी रेल्वेची परवानगी आधी घ्या. कोळीवाड्यातली मासेमारी अभ्यासायची असेल तर लक्षात ठेवा, यांत्रिक नौकांना सर्वसाधारणपणे १ जून ते ३१ जुलै बंदी असते. तेव्हा बोटी मोजायला सोप्या, पण मासळीच्या उलाढालीची नोंद शून्य. तापमानाची तुलना करायची तर दोन ठिकाणी एकाच वेळी, सावलीत, जमिनीपासून दीड मीटरवर, दहा मिनिटे थांबून वाचन घ्या. एकच तापमापक घेऊन वांद्र्याहून आरेला गेलात तर मधल्या तासाभराचा फरक जागेच्या नावावर जमा होतो. ड्रोनचा विचार मात्र सोडून द्या. मुंबईत त्यावर वारंवार बंदीचे आदेश निघतात.

परत टेबलावर

त्याच संध्याकाळी माहिती एक्सेलमध्ये भरा. एक ओळ म्हणजे एक घर, एक रकाना म्हणजे एक उत्तर. पाणी आले नाही तर ०, आणि विचारलेच नाही किंवा सांगितले नाही तर रिकामे. या दोन्हींची गल्लत झाली की सरासरी गुपचूप खाली येते. गावाचे नाव ‘कुर्ला’ आणि ‘कुर्ले’ असे दोन प्रकारे लिहिले तर संगणक दोन गावे धरतो. मूळ फाइलला पुन्हा हात लावू नका. दुरुस्त्या तारखेच्या नावाने जतन केलेल्या प्रतीत करा.

नकाशासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. नवशिक्यांची ठरलेली चूक अशी: नदीची रेघ अक्षांश-रेखांशात असते, तिच्याभोवती ५०० चा पट्टा काढायला सांगतात, आणि पडदाभर एकच रंग पसरतो. सॉफ्टवेअरने ५०० मीटर नव्हे, ५०० अंश धरलेले असतात. आधी नकाशाचे सगळे थर (लेअर) मीटरच्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी मीटरमध्ये सपाट मांडण्याच्या रीतीत, आणा. मुंबईसाठी ते यूटीएम या प्रक्षेपणाचा ४३ उत्तर विभाग, सॉफ्टवेअरमध्ये निवडायचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३. एक अंश अक्षांश म्हणजे १११ किलोमीटर, पण १९ अंशांवर एक अंश रेखांश म्हणजे १०५. म्हणून अंशांत काढलेले वर्तुळ इथे वर्तुळही राहत नाही.

उपग्रहचित्रे वापरणार असाल तर लँडसॅट या उपग्रहमालिकेत मुंबई १४८/४७ (पथ/ओळ) या चौकटीत सापडते. पेशी ३० मीटरची, म्हणजे ९०० चौरस मीटर. शंभर चौरस फुटांच्या खोल्यांची अख्खी चाळ एका पेशीत विरघळते. सेंटिनेल-२ ची पेशी १० मीटरची, तिथे जरा बरे. ढग नकोत म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीची चित्रे घ्या, आणि दोन वर्षांची तुलना करताना महिना तोच ठेवा. मिठागरे पावसाळ्यात पाण्यासारखी दिसतात आणि उन्हाळ्यात सिमेंटसारखी पांढरी. महिने बदलले तर वडाळ्याला ‘बांधकाम वाढले’ असा शोध लागतो. खाडीकाठी तर चित्र घेतल्याच्या वेळी भरती होती की ओहोटी हेही पाहा, नाहीतर तिवरांपुढचा चिखल पाण्याखाली गेला की ‘किनारा मागे हटला’ असे वाटते. ३१ मे २००३ नंतरच्या लँडसॅट-७ च्या चित्रांत यंत्रातल्या बिघाडामुळे तिरके पट्टे आहेत, ती टाळा. वर्गीकरण झाले की प्रत्येक वर्गातले किमान पन्नास बिंदू जागेवर किंवा स्पष्ट चित्रावर पडताळा. पडताळा न घेतलेले वर्गीकरण म्हणजे नुसते रंगकाम.

आता थोडे गणित. अंतर आणि पाण्याची उंची यांच्यातला संबंध पाहायला गुणानुक्रम सहसंबंध (स्पिअरमनचा, आकड्यांऐवजी त्यांचे क्रम जुळवून पाहणारा) योग्य, कारण ‘घोटा, गुडघा, कंबर’ यांना क्रम आहे पण समान अंतर नाही. मात्र संख्या थोडी असेल तर मोठा गुणांकही योगायोगाने येतो. दहा नोंदींवर ५ टक्के पातळीला (योगायोगाची शक्यता विसात एक) किमान ०.६४८ लागतो; पाच नोंदींवर पूर्ण १ आल्याशिवाय काही म्हणता येत नाही. पाच वॉर्ड घेऊन ०.८ आला म्हणून ‘दृढ संबंध’ लिहू नका. काय-वर्ग चाचणीत (दोन गटवारींचा एकमेकींशी संबंध आहे का हे पाहणारी) अपेक्षित वारंवारिता ५ पेक्षा कमी असलेले तक्त्यातले कप्पे असतील तर गट एकत्र करा.

निकटतम शेजारी निर्देशांक सगळ्यांना आवडतो, कारण उत्तर एका आकड्यात येते. सरासरी निकटतम अंतराची दुप्पट, गुणिले (बिंदू भागिले क्षेत्रफळ) याचे वर्गमूळ. उत्तर १ आले तर विखुरणी योगायोगाची, १ पेक्षा जितके कमी तितके पुंजके. समजा २० औषध दुकाने, क्षेत्र १ चौरस किलोमीटर, सरासरी अंतर ०.०८ किलोमीटर. ०.१६ गुणिले ४.४७, म्हणजे ०.७२, थोडे पुंजके. आता तीच दुकाने, पण चौकट २ चौरस किलोमीटरची आखा: ०.१६ गुणिले ३.१६, म्हणजे ०.५१, पुंजके एकदम ठळक. एकही दुकान हललेले नाही. मुंबईत चौकटीत अर्धा समुद्र किंवा यार्डाची मोकळी जमीन आली की निर्देशांक खाली जाणारच. दुकान जिथे असूच शकत नाही ती जमीन वगळा, आणि चौकट कशी ठरवली ते लिहा.

विभागाच्या सरासरीवरून घराबद्दल बोलू नका. एच पूर्व विभागात वांद्रे-कुर्ला संकुलही आहे आणि बेहरामपाड्याची झोपडवस्तीही; त्या सरासरीत दोघांपैकी कोणीच राहत नाही.

लिहिताना

पद्धतीचे प्रकरण सगळ्यात आधी लिहा, आठवण ताजी असताना. किती दारे ठोठावली, किती उघडली, किती जणांनी नकार दिला, कोणता प्रश्न मधेच बदलावा लागला, हे सगळे त्यात यावे. शंभरपैकी सत्तर फॉर्म भरून आले असतील तर सत्तरच लिहा. गाळलेले तीस कोणत्या गल्लीतले, हेही सांगा. एकाच गल्लीतले असतील तर तो निष्कर्षाचाच भाग आहे.

क्षेत्रघनी नकाशात (विभागवार रंग भरलेल्या) एकूण संख्या रंगवू नका, प्रमाण किंवा घनता रंगवा. वर्ग चार-पाच पुरेत. शीर्षक, प्रमाणपट्टी, उत्तर दिशा, सूची, माहितीचे वर्ष आणि सीमेचे वर्ष. ही शेवटची दोन वर्षे वेगळी असली तर वेगळीच छापा. मग नकाशाची एक साधी काळी-पांढरी झेरॉक्स काढा. बहुतेक प्रबंध तसेच वाचले जातात. झेरॉक्समध्ये लाल आणि हिरवा सारखेच करडे दिसले, तर एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा घेऊन नकाशा पुन्हा करा आणि तोच बांधायला द्या.